एकशे ब्याऐंशी पायऱ्या

मंगळवारी किटली गेली.
गेली म्हणजे काय, बटण दाबलं, दिवा लागला नाही.
पेपरात चार ओळी येतील असलं काही नाही.
पण वाल्पाराइसोत समुद्राकडून धुकं आत शिरतं तेव्हा
संध्याकाळचा चहा नाही म्हणजे संध्याकाळच नाही.
पावावर ॲव्होकाडो कुस्करून ठेवलेला,
आणि मी प्लग काढतेय, घालतेय, काढतेय,
थर्मामीटर झटकावा तशी तिला झटकतेय.

पातेलं होतं. गॅस होता.
हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

त्या रात्री अंथरुणात फोन घेऊन
मी एकेचाळीस किटल्या पाहिल्या.
पाच चांदण्यांच्या, साडेचार चांदण्यांच्या.
एकीला कुणा बाईनं एकच चांदणी दिलेली,
कारण उकळताना ती उगाच घाई करते म्हणे.
मग त्या बाईचं सगळंच वाचलं. पंख्याबद्दलचं, उशीबद्दलचं.
दीड वाजता अंगठ्यानं होकार दिला,
आणि सुटत्या गाडीत कुणी घुसावं तशी
ॲव्होकाडो कापायची एक सुरीही टोपलीत चढली.
घरात सुऱ्या सहा. माणूस मी एकटी.

शुक्रवारी लाउतारो आला.
आमच्या टेकडीची रुळांवरची लिफ्ट
दोन वर्षं झाली दुरुस्तीला काढलीय,
पाटीवरची तारीखसुद्धा आता पुसट झाली.
म्हणजे पायऱ्या. एकशे ब्याऐंशी.
पोरगा दारात उभा, तोंडानं श्वास घेत,
कानामागून घाम, हातात खोकं.
म्हणाला, "तुम्हीच ना त्या, पाय शेकायच्या टबवाल्या?"

नाव नाही. आडनाव नाही.
तीस वर्षं बंदराच्या कचेरीत टाइप केलेली पत्रं
कुठल्या कुठे.
टबवाल्या.
टब पलंगाखाली आहे. त्यात लोकरीचे गुंडे ठेवते.

खोक्यात खोकं, त्यात हवेच्या पिशव्या,
आणि तळाशी किटली,
लग्नघरात हरवलेल्या पोरासारखी बावरलेली.
चांगली आहे. निळा दिवा लागतो.
खरंच जरा घाई करते.

जुनी मी शेजारच्या आबदोनकडे नेली.
त्यांनी उलटी केली, चष्मा कपाळावर सारला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं, आता एक तार जोडतील आणि मला धडा मिळेल.
"हिला स्क्रूच नाहीत," म्हणाले.
"चिकटवलीय. उघडायची म्हणजे मोडायची."
तरी मोडून पाहिली.
तुकडे साखरेच्या पिशवीत घालून परत दिले.
धडाबिडा काही नाही.

पण तेव्हापासून एक खोड लागलीय.
फोनवर काही आवडलं की डोळे मिटते
आणि ते काखेत मारून पायऱ्या चढायला लागते.
लोखंडी तवा पन्नासाव्या पायरीवर सोडला.
भिंतीवरचं घड्याळ शंभरीपर्यंत आलं,
मग कठड्यावर ठेवून दिलं.
व्हिनेगरची बाटली तेवढी वर पोचली.
ती मी खालच्या ओल्गाच्या दुकानातून खरोखरच आणली,
तिच्या सुनेच्या तक्रारींसकट.

संन्यास घेतलाय असं नाही.
परवा रात्री पुन्हा अंगठा घसरला.
आज निरोप आला, माल निघालाय,
तेव्हा शाल घेतली आणि खाली जाऊन उभी राहिले.
लाउतारोनं लांबूनच पाहिलं, घाबरला.
"काय झालं? परत करायचंय?"
म्हटलं, "दे इकडे."

एकसष्टाव्या पायरीवर दम लागला.
बसले. पिवळा कुत्रा खोकं हुंगून गेला.
खाली बंदरात क्रेन कंटेनर उचलतेय,
एकावर एक, एकावर एक, कुणाकुणाचं काय काय.
माझं खोकं तसं हलकंच. हलवलं की आत खुळखुळतं.
दहा मिनिटं झाली.
काय मागवलं होतं, काही केल्या आठवत नाही.